वजनात बसलेला ट्रॅक्टर
गंजलेल्या बोल्टवर सोडलेल्या डिझेलचा वास आला, की मला सातपूरचा तो वजनकाटा आठवतो. वजन ओढायच्या स्पर्धेत सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर उतरवायचा होता, आणि चालकासकट तो ठरलेल्या वजनात बसला नाही तर बाद होणार होता. आम्ही मडगार्ड काढले, बॉनेट काढलं, मागच्या टायरांतलं पाणी सोडून दिलं, तरी काटा थोडा जास्तच दाखवत होता. "आता काय इंजिन काढू?" सीटवर बसलेला नवरा वैतागला. मी पदर खोचला. "इंजिन राहू द्या, तुम्ही उतरा. मी चालवते." "तुला जमायचं नाय." "मग घरची नांगरट कोण करतं?" सासरे काट्याकडे बघत राहिले, मग त्याला म्हणाले, "उतर." मी चढले आणि वजन बसलं. स्पर्धेत तिसरी आले. किल्ली मात्र मी अजून परत दिलेली नाही.