शेजारी आणल्यात तुमास्नी

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीतलं कुठलंही घर हललं की सामान न्यायला एकच टेम्पोवाला यायचा. तो साधं बोलला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. कपाटाला हात लावण्याआधी तो प्रत्येकाला विचारायचा, "का चाललाय?" कुणी म्हणे मुलं पुण्याला, कुणी म्हणे गाडी लावायला जागा नाही, कुणी म्हणे खाली-वर सगळे क्लास आणि होस्टेलं झाली, ओळखीचं आता राहिलंय कोण? "चुकताय की!" असं म्हणत तो दोरी आवळायचा.

मागच्या महिन्यात आमची पाळी आली. आईचे गुडघे जिना चढू देईनात, म्हणून कागलच्या रस्त्याला लिफ्टवाला फ्लॅट घेतला. टेम्पोत आई हळूच म्हणाली, "तिथं माझ्याशी बोलणार कोण?"

पोचल्यावर टेम्पोवाला सामान तसंच ठेवून वर गेला आणि समोरच्या फ्लॅटचं दार ठोठावलं. "वैनी, शेजारी आणल्यात तुमास्नी! काकूंचं गुडघं दुखत्यात, बसाय खुर्ची द्या. आन् च्या ठेवा की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या बाई हसत बाहेर आल्या आणि आईचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या. आम्ही फ्रिज वर आणला तेव्हा आईचं हसणं पार लिफ्टपर्यंत ऐकू येत होतं.

तो निघताना आईनं त्याला दटावलं, "एवढं ओरडायचं कशाला रे?"

"हळू बोललो असतो, तर च्या मिळाला असता व्हय?"