दुप्पट लयीतली हाक

समुद्रपूरहून फोन आला... सुभद्रावहिनी गेल्या. ऐकताच मनात पहिलं आलं ते हे, की आता मला कोणी जाब विचारणार नाही. त्याची लाज वाटते, म्हणून महिन्याभरानं का होईना, लिहितो आहे.

पन्नासच्या दशकात आमच्या बँड पार्टीची पहिली तबकडी निघाली. तिच्यातली नाचाची धून जिल्हाभर प्रत्येक वरातीत वाजू लागली. तबकडीवर संगीतकार म्हणून माझं नाव आहे. धून माझी नाही. तबकडीच्या काही वर्षं आधी शेजारच्या सुभद्रावहिनींचा तीन वर्षांचा मुलगा तापानं गेला. तापात पाणी द्यायचं नाही, अशी तेव्हा समजूत होती. त्यांनी दिलं नाही. मग त्याचेच शब्द घेऊन त्या हेल काढून रडल्या : "माय, पानी दे..." भिंतीपलीकडे क्लॅरिनेट घेऊन बसलेल्या माझ्या बोटांत ते सूर उतरले. पुढे मी त्यांची लय दुप्पट केली. आमचा ढोलवाला चपापला. "अबे, मयतावरून वरात काढून राह्यला का तू?"

"जलद वाजव. कोनाले समजत नाई."

पुढच्या लग्नसराईत वरात आमच्या गल्लीत आली. मी पहिली ओळ वाजवली आणि वहिनी पाण्यानं भरलेला गडवा घेऊन दारात आल्या. लोकांना वाटलं, बँडवाल्यांसाठी आणलं. कोणीतरी पिऊनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "बंद करतो, वहिनी."

"काऊन? तो मांगून राह्यला ना! बंद नोका करू भाऊजी. फक्त लोकायले त्याचं नाव सांगजा. वळखल्याबिगर पानी कोन देईन त्याले?"

मी हो म्हणालो. मग गावोगावची बोलावणी आली, लोक मास्तर म्हणू लागले, आणि सांगायचं राहिलं... नाही, मी सांगितलं नाही.

शेवटची काही वर्षं वहिनी ठार बहिऱ्या होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे वरात वाजत होती. त्या स्वस्थ बसून होत्या. ती धून लागली आणि त्या गडवा भरायला उठल्या. ढोलाचा हादरा जाणवला असेल, असं मी मनाला समजावलं... पण ढोल तर केव्हापासून वाजत होता.

वाचकहो, त्या धुनेवर तुम्हीही नाचला असाल. पहिले चार सूर सावकाश गुणगुणून पाहा. यापुढे ती तुमच्या दारावरून गेली, तर तो पाणी मागतो आहे. त्याचं नाव दिनकर.