अक्काचा आकडा, नानांचा आकडा

शाळेत फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून भाचा म्हणाला, "मावशी, आई गेली." मी "बरं" म्हणाले. बरं! सख्खी मोठी बहीण गेली आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं... मग परत वर्गात जाऊन मी उरलेला तास घेतला, फळा पुसला आणि धुळ्याच्या स्टँडवर जाऊन अमळनेरची गाडी पकडली. आता महिना उलटून गेला. अजून रडू आलेलं नाही. लोकांना वाटतं, बाई खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची, आतून सगळं बधिर झालंय.

अक्का अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात नांदली. दारात म्हशी. गल्लीत कुणाचीही म्हैस अडली की पहिली हाक तिला. पदर खोचायची, कोपरापर्यंत तेल चोपडायची आणि आत हात घालून पारडू वळवून काढायची. मला किळस यायची. "अगं, निदान हातमोजे तरी घाल," मी एकदा म्हणाले. "मोजा घालीसन माले आत काय समजी?" ती म्हणाली आणि त्याच हातांवर तांब्याभर पाणी ओतून चहा ठेवायला गेली.

मग तिला ताप यायला लागला. यायचा, दरदरून घाम फुटून उतरायचा, काही दिवस बरे जायचे, की पुन्हा. कंबर धरली, गुडघे धरले. गावातल्या डॉक्टरांनी आधी मुदतीच्या तापाची औषधं दिली, मग मलेरियाची. शेवटी मीच तिला आणि नानांना, म्हणजे तिच्या यजमानांना, जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी जनावरं आहेत का?" गुरांकडून माणसात येणारा ब्रुसेला नावाचा एक जंतू असतो, म्हणाले. रक्त बाहेरगावी तपासायला गेलं. रिपोर्ट आला तो असा, की आकडा निरोगी म्हणायला जास्त आणि आजारी म्हणायला कमी. काही दिवसांनी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच.

"म्हणजे शे का नही?" अक्काने मला विचारलं. घरात शास्त्र शिकलेली मी एकटी, त्यामुळे कुठलाही रिपोर्ट आला की माझ्या पुढ्यात. पण मी ज्या शास्त्रावर पोट भरते, त्यात कागद निळा होतो नाहीतर तांबडा. इथे डॉक्टर सांगत होते की गोठ्यात जन्म काढलेल्यांच्या रक्तात एवढा आकडा आजार नसतानाही सापडतो. तरी हा ताप, हे सांधे आणि त्या अडलेल्या म्हशी बघता औषध सुरू करू या. दीड महिना सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, सोबत इंजेक्शनं, मध्ये खंड नको. खात्रीसाठी त्यांनी नानांचंही रक्त घेतलं होतं. आणि नानांचा आकडा अक्कापेक्षा मोठा निघाला! नाना ठणठणीत. भाकरी-भरीत चापून शेतावर जाणारा माणूस. अक्का हसून हसून बेजार. "मंग बठ्ठ्या गोळ्या यासलेच द्या ना!" डॉक्टरही हसले. म्हणाले, "यांना ताप नाही, दुखणं नाही. औषध माणसाला द्यायचं असतं, आकड्याला नाही." मला ते पटलं. अक्कानेही मान डोलावली.

ताप थांबला. काही महिन्यांनी परत आला. पुन्हा तपासणी, पुन्हा तसाच अधांतरी आकडा, पुन्हा त्याच गोळ्या. डॉक्टरांनी खोदून विचारलं, "मागच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?" अक्का म्हणाली, "बठ्ठ्या सरन्यात. पाकिटं दखाडू का?" पुढे तिला दम लागायला लागला. हृदयाची झडप बिघडली. ती याच जंतूने की दुसऱ्या कशाने, तेही ठरेना. मी डॉक्टरांवर अक्षरशः भडकले, "एकदा तरी सरळ हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा!" ते म्हणाले, "बाई, माहीत असतं तर पहिल्याच दिवशी म्हणालो असतो." त्यानंतर थोड्याच दिवसांत तो फोन.

दहावं उरकलं, पाव्हणे पांगले. नाना ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "ती माले रोज सांजले ताकदनी गोळी दे. तूच धाडेल होती ना? जेवाले बसनू का ताटमा ठेये. दोन्ही खेपले दिन्ही. तठून मना हातपाय दुखतस नही. आखो भेटी का?"

अक्का त्यांना रोज संध्याकाळी देत होती तसली ताकदीची गोळी मी कधीच पाठवली नव्हती. रंग विचारला. त्यांनी सांगितला, तो जळगावच्या गोळ्यांचाच.

सकाळची तिने घेतली, संध्याकाळची नानांना दिली. आकडा त्यांचा मोठा ना! डॉक्टर काहीही म्हणोत, जळगावहून घरी येईपर्यंत बाईने मनाशी हिशेब करून टाकला होता, की धोका नवऱ्याला जास्त. अर्ध्या गोळ्या त्यांच्या पोटात, ज्यांना त्यांची गरज नव्हती... पूर्ण घेतल्या असत्या तर वाचली असती का? मला माहीत नाही. मुळात आजार तोच होता का, तेही माहीत नाही. मी नानांना म्हणाले, "आता ती गोळी मिळत नाही." भाच्याला बजावून ठेवलंय, हे ज्यात छापून येईल ती वर्तमानपत्राची पुरवणी नानांच्या घरी न्यायची नाही, आणि कुणी वाचून दाखवायला आलंच तर त्याला दारातून परत पाठवायचं.

निघायच्या दिवशी पहाटे गोठ्यात गेले. तिची लाडकी म्हैस ती गेल्यापासून कुणाला सडाला हात लावू देत नव्हती. नाना तिथेच होते. एवढा धिप्पाड माणूस, धोतरावर अक्काचं लुगडं गुंडाळून, पदर डोक्यावरून घेऊन, कासेशी उकिडवा बसला होता. मला बघून लाजले नाहीत. म्हशीने मान वळवली, पदर हुंगला, पुन्हा हुंगला. नाना तिच्या पोटावर हात फिरवत, अक्का आली असं समजावत हळूच म्हणाले, "उनी ना ती. दे आते."

आणि म्हशीने पान्हा सोडला.