गाडीचा कौल

केरीला माझ्या आईच्या घरी गेलं, की पहिला चहा पोटात जायच्या आत माझी परतायची तयारी सुरू व्हायची. तयारी मी नाही, आई करायची. दाराशी पिशवी आणून ठेवायची, तीत सोलं, नारळ आणि सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, भरायची आणि मग माझ्यासमोर बसून एक डोळा माझ्यावर आणि एक घड्याळावर ठेवायची. संध्याकाळची शेवटची बस चुकली, तर मला तिथंच मुक्काम पडायचा आणि सकाळी तुयेच्या फॅक्टरीत वेळेवर पोचायची पंचाईत. वडील गेलेले, भाऊ आखातात, आई एकटी, त्यात तिचे गुडघे कुरकुरणारे. आठवड्यातून एकदा कामावरून परस्पर तिच्याकडे जायचे मी, पण गप्पा अशा कधी झाल्याच नाहीत. कुठलीही गोष्ट रंगात आली, की ती मान वळवून रस्त्याचा कानोसा घ्यायची. मला त्या बसचा इतका राग यायचा, की तिचा कंडक्टर हसून बोलला तरी मी तोंड फिरवायची.

म्हणून सासरी गाडी घ्यायची गोष्ट निघाली, तेव्हा माझ्या मनात एकच होतं. कुणालाही न विचारता उठावं, केरीला जावं आणि पोटभर बोलून झालं की परत यावं. पण हे विचारलं कुणी? घरात प्रश्न वेगळाच चालला होता.

आमचं घर पेडण्याच्या बाजारापासून फार लांब नाही. सासऱ्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. त्यांचा काजू-नारळाचा व्यापार. रोकड्याचा माणूस. घरातला फ्रीज, पंखे, माझ्या लग्नातला बँडसुद्धा त्यांनी रोख पैसे मोजून आणलेला. उधार हा शब्द नुसता कानावर पडला तरी ते तोंड धुवून येत. नवरा डिचोलीला खाणीच्या ऑफिसात. रोज स्कूटरवरून जायचा आणि मातीच्या ट्रकांमागून येऊन येऊन संध्याकाळी गेरूत बुडवून काढल्यासारखा घरी उगवायचा. त्याच्या पांढऱ्या शर्टांना पांढरे म्हणणं मी कधीच सोडून दिलं होतं.

गोव्याला राज्य होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. रस्त्यावर नव्या नंबरांच्या गाड्या दिसू लागल्या होत्या. म्हापशाला शोरूम उघडली होती आणि ओळखीतला कुणी ना कुणी दर महिन्याला हार घातलेली गाडी घेऊन पेढे वाटायला यायचा. त्यातच नवऱ्याच्या कंपनीने एक योजना काढली. गाडी कंपनी लीजवर घेणार, वापरणार आपण, पैसे पगारातून कापले जाणार आणि काही वर्षांनी हवी तर उरलेल्या किमतीला आपण विकत घ्यायची. नवरा हे सांगताना असा खुलला होता, की कंपनीने त्याला गाडी आंदण दिली असं वाटावं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की गाडीच्या पुस्तकात नाव कुणाचं. कंपनीचं, म्हटल्यावर त्यांनी चहा पुढे ओढला. दुसऱ्याच्या नावाची गाडी आपल्या दारात कशाला उभी करायची, काजूचे पैसे घरात आहेत, रोख टाकू आणि मोकळे होऊ, हा त्यांचा निकाल. नवऱ्याचं म्हणणं, सगळी रोकड पत्र्याच्या डब्यात घालून टाकली, तर पुढल्या मोसमात काजू कशाने घेणार? दोघांचंही खोटं नव्हतं, म्हणूनच वाद संपत नव्हता. रोज संध्याकाळी सोप्यावर बाबा कदेलावर, म्हणजे त्यांच्या खुर्चीत, नवरा पायरीवर आणि मधे चहाचे कप. सासूबाई कुठल्याच पक्षात नव्हत्या, कारण त्यांना गाडी लागते. कसल्याही पैशांनी घेतली तरी आपल्याला उलटी होणारच, असं त्या शांतपणे म्हणायच्या आणि आत जायच्या.

मग एका रविवारी आम्ही म्हापशाला शोरूममध्ये गेलो आणि तिसरा रस्ता फुटला. तिथला विक्रेता केस चापूनचोपून बसवलेला, बोलण्यात तुपाची धार. तो म्हणाला, रोख कशाला आणि लीज कशाला, आम्हीच कर्ज करून देतो. थोडे पैसे आधी भरा, बाकीचा हप्ता, तोही इतका हलका की जाणवणार नाही. सगळे कागद इथंच, तुम्ही फक्त सह्या करा. बाबा आणि नवरा दोघंही माना डोलवू लागले, तेव्हा माझ्याने राहवेना. मी फॅक्टरीत हिशेबाच्या खात्यात होते. मी विचारलं, व्याज उरलेल्या रकमेवर लावणार, की कर्ज फिटत आलं तरी शेवटपर्यंत पहिल्या रकमेवर? विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या माणसाला सगळ्यांसाठी थंड मागवायला सांगितलं. थंड आलं, उत्तर आलं नाही.

परतताना बसमध्ये नवरा म्हणाला, तू भलतंच विचारतेस. मी म्हटलं, भलतं नाही, नेमकं विचारते, म्हणून थंड मिळालं. तो हसला, पण घरी आल्यावर वाद दोनाचा तिनावर गेला. रोख, लीज की कर्ज? शेवटी बाबा कंटाळले आणि आमच्याकडे असे वाद जिथं जातात तिथंच हाही नेला. कौल घेऊया म्हणाले.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या देवळात पिटकुळीच्या फुलांचे कळे पाण्यात भिजवून देवाच्या अंगावर उजवीकडे नि डावीकडे चिकटवतात. गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपली अडचण मोठ्याने सांगतो आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवीकडचा कळा आधी पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही. घर बांधायचं, पोरीचं लग्न ठरवायचं, विहीर कुठे खणायची, सगळं असं विचारून. मी या घरात आले तीही उजव्या कौलाने, असं बाबा चारचौघांत सांगत. मी मनातल्या मनात म्हणायची, देवाला विचारलं, मला कुठे विचारलं होतं? पण ते राहू दे, कौल चांगला लागला एवढं खरं.

सोमवारी सगळे देवळात गेलो. पहिलाच घोळ असा, की देवाच्या बाजू दोन आणि आमचे रस्ते तीन. नवऱ्याने डोकं चालवलं आणि मधे, छातीवर, तिसरा कळा लावायची सूचना केली. गुरव वयस्क आणि तिखट. त्याने वरपासून खालपर्यंत नवऱ्याकडे पाहिलं आणि देवाला होय-नाही विचारतात, निवडणुकीतलं मत मागत नाहीत, असं सुनावलं. मागे रांगेतल्या बायका हसल्या. बाबांनी मग आपलाच प्रश्न आधी रेटला, की रोख पैसे देऊन गाडी घ्यावी का.

गुरवाने कळे लावले, हात जोडले, गाऱ्हाण्याची सुरुवात केली आणि मधेच थांबला. वाहनाचं गाऱ्हाणं असलं की चालवणाऱ्याला पुढे उभं करायची आमच्याकडे रीत आहे. रस्त्यावर देवाने कुणाला सांभाळायचं, ते त्याला दाखवावं लागतं. बैलगाडीच्या दिवसांपासून चालत आलेलं आणि खाणीच्या ट्रकवाल्यांनी अजून पाळलेलं. गुरव वळून बाबांना म्हणाला,

"गाडी चलयतलो कोण? ताका फुडें उबो कर."

नवऱ्याकडे लायसन होतं ते स्कूटरचं. बाबांना सायकलपलीकडे काही येत नव्हतं. इतके दिवस सोप्यावर एवढा कीस पाडला, व्याज काढलं, पुस्तकातली नावं काढली आणि गाडी हाकणार कोण, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाबा पुटपुटले की ड्रायव्हर ठेवता येईल. गुरव म्हणाला, मग त्याला घेऊन या. नवरा म्हणाला, मी शिकेन. गुरव म्हणाला, शिकून ये, देव कुठे जात नाही.

लग्नाआधी मी म्हापशाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले होते. कामावरच्या मैत्रिणीने हट्टाने नेलं होतं. लायसन कपाटात साड्यांखाली पडलं होतं. पण सासऱ्यांच्या पुढ्यात, भर देवळात, आपणहून पुढे होणं मला जमेना. तोंडाची मी एरवी काही कमी नाही, त्या दिवशी मात्र शब्द फुटेना. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. ज्यांना गाडी लागते त्याच.

"हिका येता. हिचेकडेन लायसन आसा."

त्यांनी माझ्या पाठीला हात लावून मला चक्क पुढे ढकललं. कपाट त्याच तर आवरत असत, त्यांना कसं ठाऊक नसेल? गुरवाने मला देवासमोर उभं केलं, माझं नाव विचारलं, माहेर विचारलं आणि नव्याने सुरुवात केली. केरीची लेक, पेडण्याची सून, ती गाडी घ्यावी म्हणते, देवा, तुझं काय म्हणणं? रोख, कर्ज, लीज यातलं त्याने काहीच काढलं नाही. मी डोळे मिटले नाहीत. माझा या गोष्टींवर विश्वास आहे की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही, पण त्या वेळी उजव्या कळ्याकडे मी अशी बघत होते की नजरेने पडला असता तर केव्हाच पडला असता. थेंब ओघळला, कळा हलला, अडकला. मग सुटला आणि खाली आला. उजवा.

देवळाच्या अंगणात बाबा बराच वेळ दीपमाळेकडे बघत उभे होते. मला वाटलं, रागावले. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. देवाला जे नाव सांगितलं तेच पुस्तकात हवं, त्यात बदल करायचा नाही. म्हणजे कंपनीचं नाव गेलं. नवऱ्याचं लीज तिथंच अंगणात संपलं. तो बिचारा बरं म्हणाला आणि देवळाबाहेर खाजे विकत घ्यायला गेला. बाबा म्हणाले, गाडी तुझ्या नावावर, पैसे रोख मी देतो.

कुणाला वाटेल, आता काय राहिलं? पण माझं तर सगळं तिथंच राहिलं होतं. बाबा मनाचे फार मोठे, त्यांनी मला कधी अडवलं नसतं. तरीही त्यांच्या पैशांची गाडी ती त्यांचीच झाली असती, पुस्तकात कुणाचंही नाव असो. मघाशी गिळलेले शब्द आता आले.

"बाबा, तुमच्या पैशांनी घेतली जाल्यार दर खेपे तुमका विचारून व्हरची पडटली. तुमी ना म्हणचे नात. पूण माका विचारपाकच नाका."

म्हणजे, दर खेपेला तुम्हाला विचारून न्यावी लागेल; तुम्ही नाही म्हणणार नाही, पण मला विचारायचंच नाही. सुनेने सासऱ्याला असं सांगायचं म्हणजे काय, हे सासूबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी पुढचंही सांगून टाकलं. केरीचं, आईचं, त्या बसचं. कर्ज मी घेते, हप्ता माझ्या पगारातून जाईल, आधी भरायचे पैसेही माझ्या शिलकीतले. थोडे कमी पडतात, तेवढी मदत करा.

बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं आणि मलाही वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "बरें. पूण पयले दिसा फुडें हांव बसतलों." आणि त्यांना हसू आलं.

शोरूमला मी परत गेले ती एकटी. व्याजाचा तोच प्रश्न विचारला आणि या वेळी थंड नको म्हणून सांगितलं. विक्रेत्याने आत जाऊन साहेबांना विचारलं. व्याज उरलेल्या रकमेवर ठरलं, सीटची कव्हरं फुकट मिळाली. रोखीवरची सूट मात्र गेली, ती गेलीच. स्वस्तात पडलं असं मी कुणालाच सांगत नाही. बाबांची रोख सगळ्यांत स्वस्त पडली असती, हे मला तेव्हाही कळत होतं.

पहिल्या दिवशी बाबा कबूल केल्याप्रमाणे पुढे बसले आणि देवळापर्यंतच्या एवढ्याशा रस्त्यात मला सगळ्या गाई, कुत्रे आणि वळणं मोठ्याने दाखवत गेले. सासूबाई मागे खिडकीशी, तोंडात आवळा धरून. उलटी झाली नाही. नवऱ्याने स्कूटर पुसून ठेवली आणि मला शिकव म्हणाला. मी म्हटलं, शिकवीन, पण सकाळी आंघोळ झाल्यावर. संध्याकाळी त्या लाल कपड्यांनी माझ्या नव्या सीटवर बसायचं नाही.

त्याच आठवड्यात कामावरून मी परस्पर केरीला गेले. आईने गाडीभोवती फेरी मारली, हात लावायची भीती वाटली म्हणून ती आधी पदराच्या टोकाने पुसून घेतली आणि मग बॉनेटवर हळदकुंकू लावलं. मग आम्ही आत बसलो. चहा झाला. ती शेजारणीच्या सुनेचं काहीतरी सांगू लागली आणि रंगात आली असतानाच मान वळवून थांबली. दूर चढणीवर बसचा हॉर्न वाजला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पिशवी उचलून दाराशी ठेवली आणि म्हणाली,

"ऊठ गो, बस चुकतली."

"चुकूं दी, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दारातून गाडीकडे. बस आली, घराच्या वळणावर क्षणभर थांबली आणि निघून गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत आई दारात उभी होती. मग ती परत आली, पिशवी उचलून स्वयंपाकघरात ठेवली, माझ्यासमोर ऐसपैस पाय पसरून बसली आणि शेजारणीच्या सुनेची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली.