कोरलच्या दिव्याला बाबांचा पंखा

मंडळी, इथे दिग्रसमध्ये मी खारं पाणी तयार करून काचेच्या टाकीत कोरल, म्हणजे समुद्रातलं जिवंत प्रवाळ, पाळतो, हे तुम्हाला माहीतच आहे. योग्य उजेड नसला की हा जीव आक्रसतो. माझं कोरलही आक्रसलंच होतं. म्हणून आज सकाळी अॅल्युमिनियमच्या पट्टीवर निळे-पांढरे एलईडी बसवून घरीच दिवा केला.

लावला, तर पट्टी इतकी तापली की हात लावता येईना.

मागे बाबा उभे होते. ते कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारे फिटर होते. कापूस येईना म्हणून जिनिंग बंद पडलं, तेव्हापासून ते घरात जवळपास बोलतच नाहीत.

“याले हवा कुठून लागन रे? जळून जाईन ते.”

“मले नाही जमून राह्यलं बाबा. तुम्हीच पाहा.”

त्यांनी पेचकस आणला आणि जुन्या कॉम्प्युटरचा पंखा स्क्रूने पट्टीवर बसवला. दिवा थंड राहिला. संध्याकाळी कोरल थोडं उमललं. बाबा खुर्ची ओढून टाकीसमोर बसले.

“उद्या या टाकीले झाकण करू,” म्हणाले.

इतके दिवस मी त्यांना फक्त धीर देत होतो. आज मदत मागितली, तर ते बोलले.

तुमच्या घरी असं कोणी गप्प झालं असेल, तर तुम्ही त्यांच्याकडे कोणती मदत मागाल?