रद्दीत गेलेली ओटिलीबाईंची गोष्ट

रेगुला आम्ब्यूलनं आयुष्यात एकही पुस्तक लिहिलं नाही. पण ओटिली बेग्लिंगरबाईंच्या एकोणीस बालपुस्तकांत कंटाळवाणं पान शोधून सापडत नाही, ते रेगुलामुळे. बाई पेन्सिलीनं लिहायच्या आणि रेगुला टाइप करायची. त्याआधी ती प्रत्येक प्रकरण इथल्या, स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस गावच्या शाळेत नेऊन पोरांना वाचून दाखवायची. पोरं चुळबुळायला लागली की समासात फुली. बाई भडकायच्या, "तुझ्या त्या शेंबड्यांना काय कळतंय!" आणि दुसऱ्या दिवशी तेवढा भाग मुकाट्यानं कापायच्या. चाळीस वर्षं असं चाललं. पुस्तकांवर रेगुलाचं नाव कुठेही नाही. मी एकदा टोकलं तर म्हणाली, "फुलीखाली कोणी सही करतं का?"

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. मागे एक गोष्ट राहिली: दक्षिणेचा ऊन वारा दुधाच्या बरणीत कोंडून ठेवणाऱ्या मुलीची. पेन्सिलीत, एकच प्रत. ती रेगुलानं शाळेतही नेली नाही आणि टाइपही केली नाही. "फुल्या मारून दाखवू कोणाला आता?" म्हणायची. शेवटी प्रकाशकाचा माणूस एका शुक्रवारी अकरा वाजता हस्तलिखित न्यायला येणार, असं ठरलं.

नेमका तोच रद्दीचा वार. रेगुलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तिचे गठ्ठे रस्त्यावर ठेवायचं काम माझ्याकडे. मी वरच्या मजल्यावर राहते. आमच्या गावात रद्दीचा गठ्ठा म्हणजे कडा जुळलेल्या, सुतळी दोन्ही बाजूंनी फिरवलेली, गाठ बरोब्बर मध्यावर. गबाळा गठ्ठा कोणी उचलत नाही आणि शेजारी आठवडाभर तोंडं वाकडी करतात. रेगुलाच्या बोळात असे पाच गठ्ठे होते. माझा चष्मा वरच राहिलेला. तो आणायला कोण पुन्हा जिना चढतं! पाचही नेऊन ठेवले.

साडेनऊला खालून हाक आली.

"अगं, दाराजवळचा गठ्ठा कुठाय?"

"कुठे म्हणजे? पाचही रस्त्यावर."

"रद्दीचे चारच होते! पाचव्यात ओटिलीबाई होत्या!"

मी धडधडत जिना उतरले. तरी तोंड गप्प बसेना. "मग वेगळा बांधायचास ना!"

"वेगळा म्हणजे कसा? ढिला?" तशातही तिला राग आलाच.

रस्ता साफ होता. आमच्याकडे शाळेची सहावीची पोरं मास्तरांबरोबर ट्रॅक्टर घेऊन रद्दी गोळा करतात, आणि दुपारी सगळं लगद्याच्या कारखान्यात जातं. मी पळत सुटले. माझं वय त्र्याहत्तर, पण केलेल्या गाढवपणापुढे गुडघे कुरकुरत नाहीत. मागून रेगुलाच्या कुबड्या टकटकत होत्या.

चर्चपाशी ट्रॅक्टर उभा दिसला. कूस नावाचा ट्रॅक्टरवाला वैतागलेला. "बघा ना आजी! वरचं पान हातानं लिहिलेलं दिसलं म्हणून एका पोरीनं वाचलं, आता पोरं गठ्ठा गाडीत टाकूच देईनात. अर्धा तास झाला, मास्तरसुद्धा त्यांच्यात सामील!"

खरंच. बावीस पोरं गठ्ठ्यांवर बसली होती आणि लुखसिंगर मास्तर उभ्यानं वाचत होते. मी ओरडले, "अहो मास्तर, ते..." तेवढ्यात रेगुलानं मागून माझा दंड धरला.

"गप्प बस."

ती कागदांकडे बघतच नव्हती, पानं तिला पाठच होती; ती पोरांकडे बघत होती. तोंड उघडं टाकून ऐकणारी पोरं. मग हळूच म्हणाली, "चौदावं पान. तो लाल टोपीवाला पोरगा जमिनीवर बूट घासायला लागला. पेन्सिल आहे?"

पेन्सिल कूसच्या कानावर होती. तिनं ती काढून घेतली आणि तळहातावर चौदा लिहिलं. गोष्ट संपेपर्यंत आणखी दोनच आकडे पडले. शेवटी बरणीचं झाकण उघडलं तेव्हा एकही पोर हललं नाही. रेगुलानं डोळा पुसला, पदर नव्हता म्हणून माझ्या स्वेटरच्या बाहीला.

गठ्ठा घेऊन घरी आलो तर प्रकाशकाचा माणूस दारात घड्याळ बघत उभा.

"आज मिळायचं नाही," रेगुला म्हणाली. "सोमवारी या. टाइप करायचंय."

"पण आम्ही तर जसंच्या तसं छापणार होतो..."

"तीन फुल्या आहेत," असं म्हणून तिनं तळहात त्याच्या नाकासमोर धरला.

तो गेल्यावर मी कॉफी ठेवली. रेगुलानं गठ्ठ्याला पुन्हा सुतळी बांधली, अगदी तश्शीच, मध्यावर गाठ मारून.

"पुढच्या रद्दीला," ती म्हणाली, "चष्मा घालून ये."