एकवीस दिवस पाणी

बुवापाड्यातल्या आमच्या विहाराच्या कोनशिलेवर समितीची नऊ नावं आहेत. माझं दुसरं. विठामावशीचं नाही. मजकूर मीच लिहून दिला होता, म्हणून कोणावर ओरडताही येत नाही.

मावशी बिगारी. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत बिल्डिंगींवर घमेली वाहून तिच्या टाळूवर केस उरले नव्हते. सत्त्याऐंशीच्या एक मेला आम्ही विहाराचा स्लॅब टाकला. दुसऱ्या दिवशी हिने वर मातीचे बांध घालून आळी केली आणि रोज कामावर जायच्या आधी नळावरून हंडे नेऊन ती भरू लागली. नवा स्लॅब सुकला की तडकतो. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आता माझी घोडचूक. बुद्धपौर्णिमा होती तेराव्या दिवशी. मी उद्घाटनाच्या पत्रिका वाटून मोकळा झालो आणि आदल्या दिवशी स्लॅबखालचे टेकू काढायला चौघांना घेऊन गेलो. दारात मावशी पाय पसरून बसलेली.

"एकवीस दिवस म्हंजी एकवीस दिवस, किसन."

"मावशी, ऊठ. पत्रिका गेल्यात. मी सेक्रेटरी आहे!"

"मग शिक्का मार जा. टेकूला हात लावू नगंस."

चौघं फिदीफिदी हसले. माझं डोकंच फिरलं. "तुझ्या बापाचा स्लॅब आहे का?"

ती चिडली नाही. "पन्नास तरी स्लॅब वाह्यले ह्या डोक्यावर. टेकू निघायच्या आत मुकादम दुसरीकडं धाडतो. मागनं गेलं तर वॉचमन आत सोडत न्हाई. एकाच्या बी खाली बसले न्हाई मी. ह्याच्याखाली बसायचंय, ह्यो पडू दिऊ नगं."

सभेत तासभर बोलणारा मी. चौघांना घेऊन तसाच परत फिरलो.

पौर्णिमेची वंदना अंगणात, मांडवाखाली झाली. भंतेजींना कारण सांगितलं. ते शिडीने वर गेले, आळ्यात तांब्याभर पाणी ओतून आले.

बावीस मेला टेकू निघाले. मी म्हटलं, "मावशी, आधी तू." चप्पल काढून ती आत गेली आणि मुरमाच्या जमिनीवर सरळ उताणी झाली.

"काय बघतेस गं?"

"खालची बाजू. टेकूवरच्या फळ्यांच्या रेघा कशा उठल्यात बघ." मग माझ्यावरच खेकसली, "दारात काय उभा ऱ्हायलास, सेक्रेटरी? आत गार हाय. ये, बस."